क्रॉनमधून पोस्टफिक्स तपासणारी स्क्रिप्ट रोज "काही बदल नाही" सांगते

रावेर_रूट:
मंडळी मदत पाहिजे. आमच्या केळी एक्सपोर्टच्या ऑफिसात डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर आहे, सेटिंगमध्ये काय काय डिफॉल्टपेक्षा वेगळं आहे ते कळावं म्हणून शेल स्क्रिप्ट केली, पोस्टकॉन्फ -डी म्हणजे डिफॉल्ट, पोस्टकॉन्फ -एन म्हणजे आपण टाकलेलं, दोन्ही सॉर्टमधून फाईलीत आणि मग कॉम -13 (फक्त दुसऱ्या फाईलीत असलेल्या ओळी दाखवतो), आउटपुट रिकामं आलं तर "काही बदल नाही" असा मेल जातो. रूटने (अ‍ॅडमिन खात्याने) हाताने चालवली तर बरोब्बर यादी येते पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवतो तो) रोज "काही बदल नाही". मेसेज साईझ लिमिट तर वाढवलेलं आहे, ती ओळ तरी यायला पाहिजे ना?

भुसावळ_जंक्शन:
भाऊ आधी पाथ बघ, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची ती यादी. डेबियनच्या क्रॉनला पाथ मिळतो फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन, पोस्टकॉन्फ असतं /यूएसआर/एसबिनमध्ये. एरर डेव्ह नलला (तिथे गेलेलं सगळं गायब होतं) पाठवतोयस का?

रावेर_रूट:
हो दादा, दोन्ही ओळींना 2>/डेव्ह/नल आहे.

भुसावळ_जंक्शन:
मग झालं, दोन्ही फाईली रिकाम्या, कॉमला फरक कुठून सापडणार. स्क्रिप्टमध्ये वरती पाथ टाक, चालेल. पण मेन म्हणजे पोस्टकॉन्फ फेल झालं तर स्क्रिप्टने "काही बदल नाही" म्हणायलाच नको, अशा तपासणीच्या भरवशावर सर्व्हर सोडू नको. पाईप लावला (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला दिलं) की एक्झिट कोड (कमांड जमली का ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे जमली) शेवटच्या कमांडचा म्हणजे सॉर्टचा मिळतो आणि तो तर शून्यच येणार, म्हणून आधी नुसतं फाईलीत घे, कोड बघ, टेस्ट -एस ने फाईल रिकामी नाही ना ते बघ, मगच सॉर्ट. आणि ते डेव्ह नल काढ.

धुळे_टर्मिनल:
अजून एक, पोस्टफिक्स 3.0 पासून काही डिफॉल्ट कॉम्पॅटिबिलिटी लेव्हलवर (जुन्या आवृत्तीसारखं किती वागायचं ती सेटिंग) ठरतात, -डी मध्ये तिथे साधं यस-नो न येता अख्खी अट छापून येते, त्यामुळे अपेंड डॉट मायडोमेनसारखी (अर्धवट पत्त्याला आपलं डोमेन जोडायचं का ती सेटिंग) ओळ खरा फरक नसतानाही यादीत दिसेल. ती डोळ्यानेच बघावी लागते.

रावेर_रूट:
पाथ टाकला, चेक टाकले, आज क्रॉनमधून पूर्ण यादी आली! खूप आभार. लिमिट 10240000 बाइट होतं ते 25000000 केलेलं आहे, कंटेनरचे स्कॅन केलेले कागद 8 एमबीचे असले तरी परत यायचे.

भुसावळ_जंक्शन:
येणारच, अटॅचमेंट बेस 64 मध्ये (फाईल साध्या अक्षरांत बदलून पाठवायची पद्धत) साधारण एक तृतीयांशने फुगते. पुढे अजून वाढवायचं झालं तर मेलबॉक्स साईझ लिमिट बघ, ते डिफॉल्ट 51200000 आहे, मेसेजचं लिमिट त्याच्या वर गेलं की लोकल डिलिव्हरी (त्याच सर्व्हरवरच्या मेलबॉक्सात मेल टाकणं) एरर देऊन थांबते. त्या दोन आकड्यांची तुलना पण स्क्रिप्टमध्येच टाकून दे.