गुळ्याला अंघोळ घालायची कशी? बाथरूमच्या दारातच चारी पाय रोवून बसतो

गुळ्याची_आई
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. आमच्याकडे गुळ्या आहे, गावठी, हल्ली इंडी म्हणतात ते, दोन वर्षांचा, वजन 18 किलो. दीड वर्षापूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात कुडकुडत बसलेला सापडला आणि मग राहिलाच. स्वभावाने इतका गरीब की भाजीवाल्यावरसुद्धा भुंकत नाही, पण अंघोळ म्हटलं की त्याच्या अंगातच येतं.

मागच्या रविवारचं सांगते. नवऱ्याने पुढून ओढलं मी मागून ढकललं, कसंबसं आत नेलं, दार लावलं, शॉवर सोडला, आणि हा टाइल्सवर घसरत घसरत बादलीवर चढायला गेला. बादली पालथी, नवऱ्याच्या हातावर तीन ओरखडे, आणि कडी नीट लागली नव्हती त्यामुळे फेसासकट बाहेर पळाला तो थेट सासूबाईंच्या गादीवर. त्या जप करत बसल्या होत्या. पुढचं लिहीत नाही.

आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर, बाथरूम एवढंसं, बाल्कनीत नळ नाही. आता पावसाळ्यात त्याला एक आंबूस वास येतोय आणि कालच कानामागे एक गोचीड सापडली. शेजारच्या काकू म्हणतात पाण्यात जंतुनाशक लिक्विड टाका, सासूबाई म्हणतात शिकेकाई-रिठा लावा, नवरा म्हणतो माझाच शाम्पू लाव काय फरक पडतो. किती दिवसांनी घालायची, कशाने घालायची, आणि मुख्य म्हणजे त्याला आत न्यायचं कसं?

बंड्या_ठाणेकर
ताई, सासूबाईंच्या गादीवर 😂😂 गुळ्याला माझा नमस्कार सांगा. उपयोगाचं काही माहीत नाही, पण वाचत राहणार.

सातारकर_काका
आमच्या गावाकडं कधी कुणी कुत्र्याला साबण लावलेला बघितला नाही. कॅनॉलला म्हशी न्यायच्या, मागं कुत्रं यायचं, म्हशीबरोबर तेही डुंबायचं, झाली अंघोळ. वास-बिस काय नाय. तुम्ही शहरवाले फार लाड करता. गोचिडाला गुरांच्या डॉक्टरकडनं औषध आणा, पाण्यात टाका, पुसून काढा, दोन दिवसांत साफ.

पूर्वीची_ग्रूमर
काका, कॅनॉलचं खरंय, पण गुरांचं औषध कृपा करून नको, त्यावर खाली कुणीतरी लिहीलच.

ताई, मी तीन वर्षं ग्रूमिंगच्या दुकानात काम केलंय, आता मुलगी लहान आहे म्हणून घरी असते. तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला नाही वाटत तुमचा गुळ्या पाण्याला घाबरतो. तुम्हीच लिहिलंय बघा, घसरत घसरत बादलीवर चढला. ओल्या टाइल्सवर कुत्र्याचे मागचे पाय दोन बाजूंना फाकतात, नखं करकर वाजतात, धरायला काहीच मिळत नाही, त्यात दार बंद आणि डोक्यावरून शॉवरचा आवाज. बादलीवर तो पळायला नाही चढला, उभं राहायला जागा शोधत होता. दुकानात आमच्याकडे येणाऱ्या ज्या कुत्र्यांना मालक 'वेडा आहे हो हा' म्हणायचे त्यातले निम्मे रबराच्या मॅटवर उभे केले की गप्प व्हायचे. मॅट नसेल तर जुनं गोणपाट ओलं करून पसरा, चार पायांना पुरेल एवढं. टॉवेल नको, तो पायाखाली गोळा होतो.

शॉवर बंदच ठेवा. पाणी आधीच बादलीत काढून ठेवा, कोमट म्हणजे आपल्या कोपराला लागेल-न-लागेल इतपत, आपण घेतो तसं कढत नाही. प्लास्टिकचा मग घ्या, स्टीलचा तांब्या बादलीवर आपटला की कुत्रं दचकतं. आणि पाणी वरून ओतायचं नाही, मगची कड अंगाला टेकवून सोडायचं, आवाजच होत नाही. पाय, मग पोट, मग पाठ, मान सगळ्यात शेवटी. तोंडावर पाणी अजिबात नाही, ओल्या फडक्याने पुसा. डोकं भिजलं की कुत्रं अंग झाडतं आणि मग तुमचीच अंघोळ होते.

पण हे सगळं पहिल्या दिवशी नाही. आधी आठवडाभर नुसतं गोणपाट पसरून, दार उघडं ठेवून, भिंतीच्या टाइलवर त्याच्या नाकाच्या उंचीवर चमचाभर घट्ट दही थापा. त्याला चाटू दे आणि जाऊ दे. पाणी नाही, साबण नाही, मागून ढकलणं तर नाहीच. पीनट बटर लावणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना ते बघा, ते कुत्र्यांना विषारी आहे.

नागपूरची_पोर
दही थापायची आयडिया भारी आहे!! माझ्या शिह त्झूसाठी आजच करते. मी दर आठवड्याला घालते अंघोळ, चालतं ना?

पूर्वीची_ग्रूमर
दर आठवड्याला जास्तच होतं गं. लांब केसांच्याला तीन आठवड्यांनी एकदा पुरे, पण विंचरणं मात्र रोज, आणि अंघोळीच्या *आधी*. गुंता तसाच ठेवून पाणी टाकलंस की तो आवळून नमद्यासारखा बसतो, मग कात्रीशिवाय सुटत नाही. बगलेत आणि कानामागे बोटं घालून बघ. गुळ्यासारख्या आखूड केसांच्याला तर महिना-दीड महिन्याने एकदा घातली तरी चालतं, मधे ओलं फडकं फिरवायचं. सारखा साबण लावला की कातडीवरचं तेल जातं, मग खाज, मग कोंडा, मग लोक म्हणतात अजून धुवा.

आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हस्की, पॉमेरेनियनवाले सरसकट झिरो कट करून आणतात ते नका करू कुणी. आतली मऊ लव विंचरून काढली की हवा खेळते, वरचे केस उन्हापासून वाचवतात. भादरल्यावर ते पुन्हा तसेच येतील असंही नाही.

शेवटचं_वर्ष_व्हेट
आत्ता पोस्टिंगवरून आलो, वाचलं, लिहिल्याशिवाय राहवेना.

सातारकर काका, राग मानू नका, पण गुरांच्या गोचिडाचं औषध कुत्र्यावर म्हणजे आमच्या ओपीडीतला ठरलेला पावसाळी पेशंट आहे. म्हैस चारशे-पाचशे किलोची, हा 18 किलोचा, त्यात झाकणाने अंदाजे मोजून टाकतात आणि कुत्रं ते अंग चाटतं. लाळ गाळत, थरथरत आणतात. रॉकेल लावणं, काडीने गोचीड चटकवणं हेही नको. चिमटा घ्यायचा, गोचीड कातडीला जिथे चिकटलीय तिथेच अगदी बुडाशी धरायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही, बोटाने चिरडायची तर अजिबात नाही. साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका.

अंघोळीने गोचीड जात नाही हे आधी डोक्यात घ्या. कुत्र्यावर सापडते ती तपकिरी गोचीड आयुष्यातला बराच काळ कुत्र्यावर नसतेच, रक्त पिऊन झालं की खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, स्कर्टिंगच्या मागे, गादीच्या शिवणीत जाते. एक मादी हजारोंनी अंडी घालते. म्हणजे तुम्ही कुत्रं धुताय आणि वस्ती आहे पलंगामागे. त्यासाठी डॉक्टरकडून गोळी घ्या, फ्लुरॅलेनर साधारण 12 आठवडे चालते, अ‍ॅफॉक्सोलेनर महिनाभर, डोस वजनावर. कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. मानेवर टाकायचे थेंब वापरणार असाल तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ बंद, कारण ते औषध कातडीच्या तेलातूनच अंगभर पसरतं, तेलच धुऊन टाकलं तर पसरणार कशातून. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनवालं कुत्र्याचं औषध आणूच नका, मांजर मरू शकतं त्याने.

जंतुनाशक लिक्विड पाण्यात नको. कातडी भाजल्यासारखी होते, आणि तो चाटणार. रिठा डोळ्यात गेला तर डोळा लाल होऊन चिकटतो, शिवाय त्याने गोचीड मरत नाही. आणि साहेबांचा शाम्पू साहेबांनाच राहू द्या. माणसाची कातडी आम्लाकडे झुकलेली, पीएच साडेपाचच्या आसपास, कुत्र्याची सातच्या जवळची आणि आपल्यापेक्षा पातळ. एकदा लावल्याने काही होणार नाही, सवय नको.

आता वास. ताई, तो आंबूस वास *कोरडा असतानाही* येतो का? नुसता भिजल्यावर येत असेल तर ते कुठल्याही कुत्र्याचं होतं, केसांतले जंतू आणि यीस्ट, म्हणजे एक बुरशी, जो वास धरून बसतात तो पाण्याने मोकळा होतो, वाळलं की जातो. पण कोरड्यातही येत असेल, कान हलवत असेल, पंजे चाटत असेल, बगलेत कातडी तेलकट किंवा काळपट दिसत असेल तर यीस्ट वाढलंय, डॉक्टरला दाखवा. ते क्लोरहेक्सिडिनचा औषधी शाम्पू देतील, तो लावून घड्याळात बघून 10 मिनिटं ठेवायचा असतो. लोक लावतात आणि लगेच धुतात, मग म्हणतात शाम्पू बेकार.

आणि गोचीड चावल्याने रक्तात आजार शिरू शकतो, म्हणून ज्यांच्या घरात गोचीड निघालीय त्यांनी लक्ष ठेवा, कुत्रं खाईना, ताप, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. उद्या बघू करू नका.

सातारकर_काका
राग कशाचा डॉक्टर. आमच्या वाघ्याला मागल्या साली तेच औषध लावलं होतं, दोन दिवस जागचं उठलं नव्हतं, आम्हाला वाटलं ऊन लागलं. आता कळतंय. लिहीत जा.

गुळ्याची_आई
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. डॉक्टर, कोरडा असतानाही येतो वास, मुख्य म्हणजे पंजांना. आणि हो, चाटतो, आम्हाला वाटायचं सवय आहे. उद्याच नेते. काका, वाघ्या बरा आहे ना आता?

सातारकर_काका
बरा आहे. आत्ता पण चपलेवर डोकं ठेवून झोपलंय.

कोकणातला_मामा
वाळवण्याबद्दल कुणीच बोललं नाही. रत्नागिरीत जूनपासून आमचे स्वतःचे कपडे वाळत नाहीत तिथे कुत्रं कसलं वाळतंय. आमच्या लॅब्राडॉरला गेल्या पावसात कुल्ल्यावर लालबुंद ओला चट्टा आला, संध्याकाळी रुपयाएवढा, सकाळी तळहाताएवढा. डॉक्टर म्हणाले वरून कोरडा दिसतो, आत लव ओलीच राहते, तिथे हे होतं. तेव्हापासून पावसाळ्यात अंघोळ जेमतेम, आणि घातली तर दुपारी 12 च्या आत, म्हणजे रात्रीपर्यंत वाळतो. दोन टॉवेल, एकाने टिपायचं, घासायचं नाही, दुसरा बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या खाली. मग पंख्याखाली. ड्रायर लावलात तर थंड हवेवर, आणि आधी दोन दिवस नुसता लांबून आवाज ऐकवा. कानात इअरबड घालू नका, बाहेरचं बाहेर पुसा.

गुळ्याची_आई
अपडेट द्यायला आलेय, 17 दिवस झाले.

डॉक्टरांनी यीस्टच सांगितलं, पंजांत आणि डाव्या कानात. शाम्पू दिला, कानाचे थेंब दिले, गोचिडाची गोळी दिली. पलंग सरकवला तर स्कर्टिंगच्या फटीत खरंच होत्या, अंगावर काटा आला, माणूस बोलावून सगळं करून घेतलं आणि गुळ्याला दिवसभर बहिणीकडे ठेवलं.

अंघोळीचं सांगते. गोणपाट किराणावाल्याकडून आणलं, 20 रुपये. पहिले दोन दिवस गुळ्या दारातूनच मान लांब करून दही चाटायचा, मागचे पाय हॉलमध्ये. तिसऱ्या दिवशी तीन पाय आत. पाचव्या दिवशी मी भांडी घासतेय आणि हा आपला एकटाच बाथरूममध्ये जाऊन कोऱ्या टाइलकडे बघत बसलाय, दही कुठाय म्हणून. सासूबाईंनीच उठून लावलं मग. त्याच सासूबाई.

काल घातली अंघोळ. दार उघडं, शॉवर बंद, मगची कड अंगाला टेकवून. थरथरला थोडा, पाय मात्र रोवून उभा होता, नखांचा तो करकर आवाज एकदाही आला नाही. पाठीवरून आधी चहासारखं पाणी गेलं, मग गढूळ, मग स्वच्छ. 10 मिनिटं शाम्पू ठेवायचा म्हणजे फार वेळ वाटतो हो, नवरा घड्याळ धरून उभा आणि मी भिंतीवर दही थापतेय, अर्धा डबा संपला. ओला झाल्यावर किती बारीक दिसतो तो, नुसता उंदीर.

बाहेर आल्यावर टॉवेल घ्यायला वळले तेवढ्यात हॉलच्या मधोमध जाऊन अंग झाडलं त्याने, टीव्हीवर, सोफ्यावर आणि सासूबाईंच्या जपाच्या वहीवर. त्या म्हणाल्या, असू दे, वाळेल.

आता पुढचं. त्याची नखं वाढलीयेत आणि नेलकटर दिसलं की पलंगाखाली जातो. इथेच विचारू का नवीन धागा काढू?

पूर्वीची_ग्रूमर
इथेच विचारा. नखं काळी आहेत का पांढरी ते आधी सांगा. आणि दही आणून ठेवा.