हायपरकार विकली जाते ती पैशासाठी नाही, मीटरच्या भीतीने (चर्चा)

टॉर्कवेडा

ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या लिलावात एक मॅक्लारेन एफ१ २ कोटी ४ लाख डॉलरच्या वर गेली. गाडी नव्वदच्या दशकातली आणि मीटरवर फक्त २४२ मैल. म्हणजे साधारण मुंबई ते कोल्हापूर एवढंच अंतर, आणि तेही पंचवीसेक वर्षांत. एफ१ एकूण १०६ बनल्या. तिचा रचनाकार गॉर्डन मरेने ती ड्रायव्हरला मधोमध बसवून, एकेक ग्रॅम वाचवून, चालवण्यासाठी म्हणून बनवली होती. तिच्या इंजिनच्या खोलीला आतून सोन्याचा मुलामा आहे, तोसुद्धा दिखाव्यासाठी नाही. सोनं उष्णता परतवतं म्हणून.

हायपरकार म्हणजे अतिवेगवान, मोजक्याच बनणारी, कोट्यवधींची गाडी. ती घेऊन माणूस दोन-चार वर्षांत विकतो तेव्हा आपल्याकडे एकच उत्तर ठरलेलं असतं: श्रीमंतांचे चोचले, कंटाळा आला असेल. मला हे उत्तर आळशी वाटतं. माझं म्हणणं असं की या गाड्यांची किंमत मीटरला बांधलेली असते. साध्या गाडीत जादा किलोमीटरने थोडा भाव पडतो. इथे रविवारी सकाळी मारलेली एक चक्कर काही हजार डॉलरला पडू शकते. त्यामुळे मालक गाडी काढताना दहा वेळा विचार करतो, मग काढतच नाही, आणि न काढलेल्या गाडीवर जीव जडत नाही. शेवटी ती विकली जाते, ती पुन्हा असाच घाबरणाऱ्या दुसऱ्या माणसाला.

याच्या उलट उदाहरण रोवन अ‍ॅटकिन्सनचं, म्हणजे आपल्या 'मिस्टर बीन'चं. त्याने १९९७ मध्ये एफ१ घेतली आणि ४१ हजार मैल चालवली. दोनदा ठोकली. २०११ च्या अपघातात गाडी झाडावर गेली, याचं खांद्याचं हाड मोडलं, आणि दुरुस्तीसाठी विमा कंपनीला सुमारे ९ लाख १० हजार पौंड मोजावे लागले. तरी दुरुस्त झाल्यावर तो पुन्हा तीच चालवायला लागला. २०१५ मध्ये विकली तेव्हा मागितलेली किंमत ८० लाख पौंड होती. पण विकेपर्यंत तब्बल अठरा वर्षं ठेवली. ज्याने मीटरकडे पाहिलं नाही त्यानेच ती सगळ्यात जास्त जपली, असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

साफ असहमत. तुम्ही भावनेतून बघताय, हा मामला शुद्ध व्यवहाराचा आहे.

अशा गाड्या दुकानात जाऊन मिळत नाहीत, कंपनी गिऱ्हाईक निवडते. फोर्डने नवी जीटी आणली तेव्हा पहिल्या ५०० गाड्यांसाठी साडेसहा हजारांवर अर्ज आले होते. निवड झालेल्यांकडून दोन वर्षं विकणार नाही असं लिहून घेतलं होतं. कुस्तीपटू जॉन सीनाने २०१७ मध्ये साडेचार लाख डॉलरच्या वर किंमत असलेली ही गाडी घेतली आणि महिन्याभरात विकली. फोर्डने त्याच्यावर खटला भरला, २०१८ मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या लिलावात दुसऱ्या एका मालकाची जीटी १८ लाख डॉलरला गेली. साडेचाराचे अठरा! आता सांगा, यात मीटरची भीती कुठे आली?

फेरारीने ही गोष्ट फार आधी ओळखली होती. १९९५ ची एफ५० अमेरिकेत सुरुवातीला विकलीच नव्हती, दोन वर्षांच्या लीजवर दिली होती, घेऊन लगेच कुणी विकू नये म्हणून. म्हणजे मालक विकणार हे कंपनीलाच ठाऊक होतं.

शिवाय ब्रिटनमध्ये खाजगी मोटारीवरच्या नफ्याला भांडवली नफ्याचा कर लागत नाही. शेअर विकले तर कर, घर भाड्याने देऊन विकलं तर कर, गाडी विकली तर काही नाही. ज्याच्याकडे पैसा आहे आणि सल्लागार आहे, तो हे करणारच. अ‍ॅटकिन्सनचंच बघा, घेतली साधारण सहा लाख पौंडांच्या आसपास आणि मागितले ८० लाख. तुम्ही त्याला प्रेम म्हणा, मी उत्तम गुंतवणूक म्हणेन.

जेबेल_अली

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण गाडी ज्या हातात येते त्या हातांना विचारा. मी आखातात अशा गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काम केलंय. मालक विकतो तो देखभालीला कंटाळून. आणि देखभाल म्हणजे फक्त बिल नव्हे.

बुगाटी वेरॉन घ्या. ८ लिटर, १६ सिलिंडर, चार टर्बो, १००१ हॉर्सपॉवर, दहा रेडिएटर. टायर मिशेलिनने खास तिच्यासाठी बनवलेले, चारचा सेट तीस-चाळीस हजार डॉलरचा. आता गंमत अशी की गाडी चालवली नाही तरी टायर म्हातारा होतो. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी आली की आम्ही मीटर नंतर बघायचो, आधी गुडघ्यावर बसून ते आकडे वाचायचो. नक्षी अगदी कोरी, रबराची केसंसुद्धा शाबूत, पण आकडा सात-आठ वर्षांपूर्वीचा. असा टायर ताशी ३०० ला फुटला तर काय होईल ते सांगायला नको. मालकाला सांगितलं की टायर टाकून द्या, तर त्याचा विश्वासच बसायचा नाही. "पाचशे किलोमीटरसुद्धा झाले नाहीत हो!"

मॅक्लारेन एफ१ मध्ये इंधनाची टाकी म्हणजे रबरी पिशवी आहे. ती दर पाच वर्षांनी बदलायची, आणि बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडी हलली असो वा नसो. मर्सिडीज-एएमजी वन मध्ये तर थेट फॉर्म्युला वनचं १.६ लिटर इंजिन बसवलंय, ते ५० हजार किलोमीटरला उघडून पुन्हा बांधायचं.

बॅटरीला चोवीस तास चार्जर, महिन्यातून एकदा इंजिन गरम करणं, सील सुकू नयेत म्हणून गाडी थोडी हलवणं. हे सगळं करायला माणूस ठेवावा लागतो. मालकाला गाडीविषयी फोन येतो तो फक्त कामाचा नाहीतर खर्चाचा. दोन वर्षांनी त्याला ती गाडी नकोशी होते.

टॉर्कवेडा

@जेबेल_अली, टायरच्या आकड्यांची माहिती फार मोलाची. पण तुमचा मुद्दा मला माझ्याच बाजूचा वाटतो. बुगाटीच्या तेव्हाच्या प्रमुखाने सांगितलं होतं की त्यांच्या सरासरी गिऱ्हाइकाकडे ८४ गाड्या, तीन जेट विमानं आणि एक यॉट असते. अशा माणसाला चाळीस हजारांचे टायर जड जात नाहीत. जड जातं ते न वापरलेले टायर फेकणं. वापरून झिजवले असते तर तो हसत पैसे देऊन मोकळा झाला असता.

@हिशेबनीस, जीटीचं उदाहरण हे गाडी घेऊन लगेच विकणाऱ्यांचं आहे. ते व्यापारीच, त्यांच्याबद्दल वाद नाही. मी बोलतोय तो लहानपणापासून भिंतीवर पोस्टर लावून मोठा झालेल्या, पैसा आल्यावर पहिल्यांदा तीच गाडी घेतलेल्या आणि तरी विकणाऱ्या माणसाबद्दल.

सह्याद्रीपुत्र

रस्ता कुठेय हा साधा प्रश्न कुणी विचारत नाहीये.

वेरॉनचा कमाल वेग ताशी ४०७ किमी. तो गाठायचा तर गाडी थांबवून एक वेगळी किल्ली लावावी लागते, नाहीतर गाडी ३७५ च्या वर जात नाही. त्या वेगाला भरलेली टाकी बारा मिनिटांत रिकामी होते. कंपनीने चाचणी घेतली ती जर्मनीत एरा-लेसीनला, फोक्सवागनच्या स्वतःच्या ट्रॅकवर, जिथे जवळपास ९ किलोमीटरचा सरळ पट्टा आहे. तसा पट्टा मालकाच्या बंगल्यापुढे नसतो. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले तो गुण मालकाला आयुष्यात कधी बघायला मिळत नाही. पहिल्या महिन्यात मित्रांना फिरवून आणलं की पुढे करायचं काय?

आपल्याकडे तर विचारूच नका. सचिनची फेरारी ३६० मोडेना आठवते ना? ती हायपरकार नव्हे, मान्य. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये फेरारीचा रेसर शूमाखरच्या हातून मिळालेली भेट. सीमाशुल्काच्या माफीवरून केवढा गदारोळ झाला, शेवटी १ कोटी १३ लाखांचं शुल्क फियाटने, म्हणजे फेरारीच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, भरलं. २०११ मध्ये त्याने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. सचिनला पैशांची चणचण होती का? मीटरची भीती होती का? मला नाही वाटत. मुंबईत ती चालवणार कुठे, हेच कारण असावं असा माझा अंदाज. बुगाटीने २०१० मध्ये वेरॉन भारतात १६ कोटींना आणली होती, ती इथे का रुजली नाही त्याचं उत्तरही रस्त्यावरच सापडेल.

ट्रॅकडे

+१. क्षमता वापरता येत नसेल तर मालकी हे ओझंच.

मृण्मयी_के

सगळे एक गोष्ट धरून चाललेत की श्रीमंत माणूस कायम श्रीमंतच राहतो. तसं नसतं.

जॅग्वार एक्सजे२२० चा इतिहास वाचा. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटार शोमध्ये दाखवली तेव्हा १२ सिलिंडर आणि चारही चाकांना ताकद असं चित्र होतं. लोकांनी ५०-५० हजार पौंड अनामत भरली. गाडी १९९२ मध्ये आली ती ६ सिलिंडर, दोन टर्बो आणि फक्त मागच्या चाकांवर चालणारी. मधल्या काळात २ लाख ९० हजारांची किंमत करांसह ४ लाख ७० हजारांवर गेली, आणि ब्रिटनमध्ये मंदी आली. ज्यांनी नफ्याच्या आशेने नाव नोंदवलं होतं त्यांना गाडी नकोच होती. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. जेमतेम पावणेतीनशे-एक गाड्या बनून कारखाना थांबला. ती काही वाईट गाडी नव्हती हो, तिने वेगाचा विक्रम केला. पण लोकांच्या हातातून पैसा गेला आणि पहिली नाइलाजाने सुटली ती हीच.

आणि काहींची तर काढूनच घेतली जाते. इक्वेटोरियल गिनीचे उपाध्यक्ष तेओदोरिन ओबियांग यांच्या २५ गाड्या जिनिव्हाच्या सरकारी वकिलांनी जप्त केल्या आणि २०१९ मध्ये लिलावात काढल्या. त्यातली लॅम्बोर्गिनी वेनेनो रोडस्टर ८० लाख स्विस फ्रँकच्या वर गेली. ज्या देशातल्या सामान्य माणसाच्या वाट्याला तेलाचा पैसा कधी आला नाही, तिथल्या राज्यकर्त्याकडे ही गाडी. मला या धाग्यात सगळ्यात जास्त राग आला तो इथे. मीटर आणि टायरबद्दल हळहळायच्या आधी हा पैसा येतो कुठून हेही कुणीतरी विचारलं पाहिजे. लिलावाचा पैसा तिथल्या लोकांच्या कामासाठी जायचा होता, एवढंच समाधान.

हिशेबनीस

@मृण्मयी_के, एक्सजे२२० माझाच मुद्दा सिद्ध करते. भाव चढता असेल तर लोक रांगेत, पडता असेल तर कोर्टात.

मी अजून एक जोडी देतो. फेरारीची लाफेरारी आणि मॅक्लारेनची पी१, दोन्ही २०१३ च्या, दोन्ही हायब्रिड, दोन्ही दहा लाख युरोंच्या आगेमागे. लाफेरारी कूपे ४९९ निघाल्या, पी१ फक्त ३७५. म्हणजे पी१ जास्त दुर्मिळ. तरी लाफेरारीचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला आणि पी१ तेवढी कधी चढली नाही. फेरारीवाला विकताना खूश असतो, पी१ वाला चिडलेला. गाडी चालवायला दोन्ही भारीच आहेत. फरक फक्त नावाचा आणि बाजाराचा.

जेबेल_अली

पी१ वाले चिडतात त्यामागे बॅटरीपण आहे. हायब्रिड हायपरकारमधली बॅटरी पडून राहिली की मरते, आणि अशा मोजक्या गाड्यांसाठी ती मागवायची म्हणजे घर विकत घेण्याएवढा खर्च. पुढच्या दहा वर्षांत हा प्रश्न वाढणार, इंजिन दुरुस्त करणारा माणूस मिळतो पण पंधरा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर बोलणारं यंत्र मिळत नाही. एफ१ तपासायला मॅक्लारेनवाल्यांना नव्वदच्या दशकातला कॉम्पॅकचा लॅपटॉप जपून ठेवावा लागला होता, कारण दुसऱ्या कशाला ती गाडी दाद देत नव्हती.

आणि टॉर्कवेडा, तुमच्या भीतीच्या मुद्द्याला एक पुरावा माझ्याकडूनही. आमच्याकडे यायच्या त्यातल्या कित्येक गाड्यांच्या सीटवर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच असायचं. उन्हाने पिवळं पडलेलं, खाली चामड्यावर त्याचा घाम साचून डाग. जपण्यासाठी ठेवलेल्या प्लास्टिकनेच सीट खराब. तेव्हा मी माझं मत थोडं तुमच्याकडे सरकवतो.

टॉर्कवेडा

मृण्मयीताई, तुमचा राग योग्य आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. जप्तीतल्या गाड्या मी माझ्या म्हणण्यात धरत नाही, कारण त्या मालकाच्या इच्छेने गेलेल्या नाहीत. पैसा कुठून येतो त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

सह्याद्रीपुत्र, रस्त्याबद्दल मात्र मी वाद घालणार. ४०७ च्या वेगासाठी कुणी गाडी ठेवत नाही. अ‍ॅटकिन्सनने एफ१ इंग्लंडच्या साध्या, ओल्या, अरुंद रस्त्यांवर चालवली. रोजच्या कामाला नेली. तिच्यात तीन माणसं आणि सामान बसतं, हेच त्याला आवडायचं. गाडी चालवायला एरा-लेसीन लागत नाही, खंबाटकीचा जुना घाटसुद्धा पुरतो, फक्त वर्कशॉपचा आणि लिलावाचा आकडा डोक्यातून काढता आला पाहिजे. तो निघत नाही, म्हणून विकली जाते. मी माझ्या मतावर ठाम आहे.

सह्याद्रीपुत्र

खंबाटकीत हायपरकार? पहिल्याच गतिरोधकाला पोट घासेल. मग नाक वर उचलणारी यंत्रणा, मग तिची दुरुस्ती, मग पुन्हा जेबेल_अलींचं वर्कशॉप.

बरं, एक प्रत्यक्ष कसोटी सुचवतो. मरेने २०२० मध्ये टी.५० ही नवी गाडी दाखवली. १०० गाड्या, वजन हजार किलोच्या आत, हाताने बदलायचे गिअर, १२ हजार १०० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन आणि पुन्हा ड्रायव्हर मधोमध. किंमत तेव्हा करांशिवाय २३ लाख ६० हजार पौंड होती. पहिल्या गाड्या २०२३ मध्ये मालकांकडे गेल्या. त्या विक्रीला येतील तेव्हा जाहिरातीत मैल किती लिहिलेत ते बघू. पाच हजारांच्या वर दिसले तर मी तुमचं मान्य करीन. दोनशे-तीनशेच दिसले, तर मरेसारख्या माणसालाही चालवणारा मालक मिळवता आला नाही असं म्हणावं लागेल.

हिशेबनीस

मैल बघा, पण शेजारी भावही बघा. मी दोन्हींची नोंद ठेवतो.