विकत घेतलेली काही गाणी ऑडिओ सीडीवर राइट होत नाहीत

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
वडिलांना मोबाइलपेक्षा जुना सीडी प्लेयर सोयीचा वाटतो, म्हणून त्यांच्यासाठी जुन्या हिंदी गाण्यांची एक सीडी तयार करीत आहे. निम्मी गाणी २००७ साली अमेरिकेत असताना आयट्यून्सवर विकत घेतलेली असून उरलेली अलीकडेच ॲपल म्युझिकवरून उतरवून घेतली आहेत. नव्या लॅपटॉपला बाहेरून सीडी रायटर जोडला आहे, पण यादीतील बरीच गाणी राइट करता येणार नाहीत असा संदेश येतो. दोष रायटरचा असेल का?

उत्तर १ (ऐरोली)
रायटरचा दोष असता तर संदेश गाण्यांविषयी आला नसता. प्रत्येक गाण्याच्या माहितीत ‘काइंड’ ही ओळ पाहावी. तेथे ‘प्रोटेक्टेड एएसी’ असेल तर ते फेअरप्ले, म्हणजे नक्कल रोखणारे ॲपलचे कुलूप असलेले जुने गाणे आहे. ते सीडीवर घेता येते, मात्र ज्या खात्यावर खरेदी झाली त्याच खात्याने नवा लॅपटॉप ऑथराइज करावा लागतो, म्हणजे त्यावर ही गाणी चालवण्याची परवानगी द्यावी लागते. एका खात्यावर एका वेळी पाचच संगणक चालतात, त्यामुळे केव्हाच भंगारात गेलेली यंत्रे अजून जागा अडवून बसलेली असू शकतात. तसे असल्यास सर्व संगणक एकदम डीऑथराइज करून हा लॅपटॉप नव्याने जोडावा. अशी गाणी असलेली एकच यादी, तिच्यात बदल न करता, सात वेळाच राइट होते. शिवाय सीडीचा प्रकार ‘ऑडिओ सीडी’ हाच निवडावा, कारण कुलूपबंद गाण्यांची एमपी३ सीडी होत नाही.

‘ॲपल म्युझिक एएसी’ असे दिसणारी गाणी मात्र यादीतून काढूनच टाकावीत. ती वाचनालयातून आणलेल्या पुस्तकासारखी आहेत, वर्गणी चालू तोवर आपल्याकडे. ती सीडीवर घेण्याची परवानगीच नाही. त्यांतली जी हवीत ती स्वतंत्रपणे विकत घ्यावीत. २००७ पासून आयट्यून्सवरील विक्रीची काही गाणी आणि २००९ मध्ये सर्वच गाणी कुलपाविना मिळू लागली, त्यामुळे आजच्या खरेदीत ही अडचण येत नाही.

उत्तर २ (नेरुळ)
वरील उत्तराशी सहमत आहे. कुलूप तोडणारी सॉफ्टवेअरे सहज सापडतात, पण त्यांच्या वाटेला जाऊ नये. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५अ अशा कुलपांविषयीच आहे, आणि तसल्या संकेतस्थळांवरून गाण्यांबरोबर काय काय लॅपटॉपमध्ये शिरेल याचा नेम नाही.

जुन्या प्लेयरसाठी सीडी-आर घ्यावी. पुनःपुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू त्यातील बरेच प्लेयर वाचत नाहीत. राइट करण्याचा वेग ‘मॅक्सिमम’वर न ठेवता कमी ठेवावा. ऑडिओ सीडीवर ८० मिनिटेच मावतात, मग फाइल कितीही लहान असो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. ‘काइंड’ पाहिल्यावर दोन्ही प्रकार एकाच यादीत मिसळलेले आढळले. वर्गणीची गाणी काढून लॅपटॉप ऑथराइज केला. आता सीडी राइट होत आहे.