चर्चा: अनुदान फिरत्या दवाखान्याच्या गाडीला द्यावं, की ती चालवणाऱ्या माणसांना? (लिहिणाऱ्यांनी टोपणनावं घेतली आहेत.)

तापीकाठ

ग्रामीण भागातल्या संस्थेला एखादी कंपनी सीएसआरमधून (कंपनीने कायद्याप्रमाणे समाजकार्यावर खर्चायच्या पैशातून) फिरत्या दवाखान्याची गाडी देऊ करत असेल आणि चालू खर्चाबद्दल काहीच बोलत नसेल, तर संस्थेने ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेब मांडून बघा. औषधांचे कप्पे, तपासणीचं टेबल, इन्व्हर्टर बसवून गाडी २० लाखांना पडली असं धरू. आता महिन्याचा खर्च. अर्धवेळ डॉक्टर ६०,०००, नर्स २०,०००, चालक १८,०००, औषधं ३०,०००. रोज ६० किलोमीटर आणि महिन्याचे २२ दिवस म्हणजे १,३२० किलोमीटर. लिटरला ११ चं ॲव्हरेज धरलं तर १२० लिटर डिझेल, साधारण ११,०००. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे सरासरी ८,०००. हिशेब आणि समन्वयाचे २०,०००. बेरीज १,६७,०००. म्हणजे गाडीची सगळी किंमत दर वर्षी पुन्हा मोजायची.

कंपनी पहिल्या वर्षाचं देते आणि दुसऱ्या वर्षी तिचा विषय बदलतो. मग आधी औषधं आटतात, पाठोपाठ डॉक्टर जातो, शेवटी विमा संपतो आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी राहते. बीपीच्या रुग्णाला तीन महिने गोळ्या देऊन चौथ्या महिन्यात हात वर करणं हे धोक्याचं आहे. त्या तीन महिन्यांत त्याने सरकारी दवाखान्याची फेरी सोडून दिलेली असते.

खतावणी

असहमत. दुखणं खरं आहे, पण दोष सगळा कंपनीच्या पदरात टाकू नका. कायदा एका वर्षावर अडवत नाही. प्रकल्प ‘ऑनगोइंग’ म्हणून मंजूर झाला तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे ३ वर्षं चालवता येतो. न खर्चलेली रक्कम कंपनीने वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात टाकायची आणि पुढच्या ३ वर्षांत त्याच कामावर वापरायची. संस्थेच्या प्रस्तावातच एका वर्षाचं बजेट असेल, तर कंपनी तीन वर्षांचं मंजूर कुठून करणार?

दुसरी चूकही प्रस्तावातलीच. ‘प्रशासकीय खर्च १५ टक्के’ अशी एक ओळ लिहितात आणि ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही असं ऐकून गप्प बसतात. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्पाची थेट अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांचा खर्च त्यात येत नाही. म्हणून टक्के लिहू नका, माणूस आणि काम लिहा: ‘समन्वयक, अर्धवेळ, २० गावांचं वेळापत्रक, औषधसाठा नोंद, मासिक अहवाल’. अशी ओळ खोडताना समोरच्याला कारण द्यावं लागतं.

आणि अनुदानाचे हप्ते अडकतात ते बहुतेक वेळा कागदावर. डॉक्टरांच्या मानधनावर टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा राहिला, तर त्या खर्चातली ३० टक्के रक्कम ट्रस्टने खर्चलीच नाही असं आयकर खातं धरतं. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले, तर तो खर्च गणतीत येत नाही. त्यातून ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के कामावर खर्चायची अट चुकली की करमुक्त असायला हवा त्या पैशावर कर बसतो. कंपनीच्या अर्थप्रमुखालाही पैसे मंजूर कामावरच लागले असं प्रमाणित करावं लागतं. व्हाउचरशिवाय तो सही कशी करेल?

ओटीवरून

तुम्ही दोघंही अनुदानाच्याच भोवती फिरताय. ज्या सेवेसाठी गाव एक रुपयाही देत नाही, ती अनुदानाबरोबर जाणारच. २० गावं, प्रत्येकी १५० कुटुंबं, घरामागे महिन्याला २० रुपये: ६०,००० होतात. तापीकाठ यांच्याच हिशेबात डॉक्टरचं मानधन निघालं.

शिवाय अडीअडचणीचा गंगाजळी निधी सीएसआरमधून उभा राहूच शकत नाही. जानेवारी २०२१ पासून कॉर्पसला, म्हणजे अशा कायम राखून ठेवायच्या निधीला, दिलेली रक्कम सीएसआर धरली जात नाही. तो निधी माणसांच्या देणग्यांतूनच होणार. देणगीदाराकडून ‘कॉर्पससाठी’ असं लेखी घ्या आणि पैसे वेगळे गुंतवा. देणगीदाराला आयकरातली, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत हवी असेल तर २,००० च्या वर रोख घेऊ नका. देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत भरा. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे.

तापीकाठ

ओटीवरून, सधन बागायती पट्ट्यात हे जमेल. नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव, अक्कलकुव्यात कसं जमवायचं? दिवाळीनंतर पाड्यावरची कितीतरी कुटुंबं मजुरीला गुजरातेत जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि लहान मुलं, म्हणजे ज्यांना दवाखाना सर्वांत जास्त लागतो तीच. त्यांच्याकडे दरमहा २० रुपये मागायचे? वर्गणी थकली म्हणून तपासायचं नाही, असं तुम्ही तरी म्हणाल का?

आणि सीएसआरचा पैसा कारखान्याच्या आसपास फिरतो, कारण कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य म्हटलंय. जिथे कारखानाच नाही तिथे पोचायला कोण बांधील आहे?

खतावणी

एक दुरुस्ती. ते प्राधान्य बंधनकारक नाही, कंपनी व्यवहार मंत्रालयाने तसा खुलासा केलेला आहे. दूरच्या तालुक्याला ‘आमच्या धोरणात बसत नाही’ असं उत्तर आलं तर तो कंपनीचा निर्णय असतो, कायद्याची अडचण नव्हे. हे पत्रात लिहून पाठवा.

बांधावरची

दुर्गम भागात पैसा पोचायचा एक मार्ग २०२० मध्ये बंद झाला, त्याचाही उल्लेख हवा. पूर्वी परदेशी देणगी मोठी संस्था घ्यायची आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या तालुक्यातल्या लहान संस्थांना वाटून द्यायची. त्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. दवाखान्याच्या डॉक्टरचा पगार त्या २० मध्ये मोजत नाहीत, पण हिशेबनिसाचा मोजतात. खतावणी, तुम्हाला व्हाउचर चोख हवीत आणि ती लिहिणाऱ्याचा पगार मात्र सगळ्यांनाच आधी कापायचा असतो. लहान संस्थांचे हिशेब ढिसाळ दिसतात त्याचं मोठं कारण हे आहे.

खतावणी

हा मुद्दा मान्य. दोन-तीन लहान संस्थांनी मिळून एक पूर्णवेळ हिशेबनीस ठेवावा, पगार कामाच्या दिवसांनुसार वाटून घ्यावा. मात्र प्रत्येक संस्थेची किर्द, बँक खातं आणि हजेरीपत्रक वेगळंच हवं, नाहीतर ऑडिटमध्ये एकाच पगाराची दोनदा नोंद सापडते.

ओटीवरून

वर्गणीबाबत माझं मत कायम आहे. रोख जमत नसेल तिथे गाडी उभी करायला जागा, पाणी, रुग्णांना निरोप देणारा माणूस हे गावाने द्यावं आणि ग्रामसभेच्या ठरावात ते नोंदवावं.

तापीकाठ

त्याला हरकत नाही. गाडी घेऊच नये हे मीही थोडं मागे घेतो, पण करारपत्रात तीन कलमं असतील तरच. पहिलं, तीन वर्षांचा चालू खर्च नावानिशी. दुसरं, निधी थांबवायचा असेल तर सहा महिने आधी लेखी सूचना, म्हणजे नियमित गोळ्यांवरच्या रुग्णांची यादी आणि केसपेपर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सोपवता येतील. तिसरं, गाडी कोणाच्या नावावर. कंपनीला ती स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. सीएसआर नोंदणी असलेल्या सार्वजनिक ट्रस्टच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावे ती होऊ शकते. आरसी बुकवर नाव चढल्याशिवाय डॉक्टरची नेमणूक करू नका.