ऑक्टोबरात धबधबे बघायचेत तर पहिला पंधरवडा गाठा

ऑक्टोबरात धबधबे कुठे बघायचे असं विचारलं की आंबोलीचं नाव येतंच, पण तुम्ही कोल्हापुरातून गाडी आणि तंबू घेऊन दोन दिवसांसाठी निघणार असाल तर गगनबावड्याकडे वळा. दिवाळीपर्यंत थांबू नका. पाऊस गेला की राऊतवाडी, बर्की या धबधब्यांचं पाणी झपाट्याने कमी होतं. बर्कीला गावातून पुढे चालत जावं लागतं, ओढ्यातले दगड शेवाळलेले असतात, म्हणून चांगल्या ग्रिपचे बूटच घाला.

रस्त्याचं सुख मात्र याच दिवसांत! गगनबावड्याच्या वाटेवरचं कळे गाव सोडलं की दोन्ही बाजूंना पिकत आलेलं भात, मध्येच उंच वाढलेला ऊस. गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. मला भुईबावडा जास्त आवडतो. सकाळी लवकर पोचलात तर खालचं कोकण धुक्यात बुडालेलं असतं, आणि ऊन चढेल तशी एकेक टेकडी वर येते. तासभर तरी थांबाच तिथे.

तंबू जंगलात परस्पर ठोकू नका. राधानगरी-दाजीपूर अभयारण्य आहे, गव्यांचे कळप रात्री चरायला शेतापर्यंत येतात. गावात विचारून एखाद्याच्या खळ्यात किंवा अंगणात जागा मागा. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, तेव्हा दाजीपूर करायचं असेल तर वनखात्याकडे आधी चौकशी करा.

आणि परतताना अंधार करू नका. ऊसतोड सुरू झाली की बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात.