निघताना ६ अंश, परतताना १७: वसंतात धावायला काय घालायचं, काय बरोबर ठेवायचं?

रपेट_दहा:
आठवड्यात चार दिवस धावणं आहे: तीन दिवस ८ ते १० किलोमीटर, एक दिवस १६ ते १८. हिवाळ्याचे कपडे आता जड होतायत आणि उन्हाळ्याचा टी-शर्ट घातला तर पहिली पंधरा मिनिटं कुडकुडायला होतं. निघताना अंधार आणि ६-७ अंश सेल्सियस, परतेपर्यंत ऊन आणि १६-१७. मध्ये वारा असतोच, कधी भुरभुर पाऊस.

अडचणी अशा: जॅकेट तिसऱ्या किलोमीटरला काढावं लागतं आणि कमरेला बांधलं की गाठ सैल होऊन घसरतं. लांब पल्ल्याच्या दिवशी काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला सोलवटतं. बूट-मोजे ओले झाले की टाचेला फोड येतात. काय घ्यावं हे तर सांगाच, पण काय घेऊ नये तेही सांगा.

शिवणटाका:
तुमचं जॅकेट वाईट नाही, ते या ऋतूचं नाही. वसंतात एकाच फेरीत दोन हवामानं लागतात, म्हणून न थांबता उघडता, वर सरकवता किंवा खिशात कोंबता येतील असेच कपडे निवडा.

आधी अंदाज. बाहेरच्या तापमानात ८ ते १० अंश मिळवायचे आणि तेवढ्या हवेत नुसतं चालायला जे घातलं असतं ते घालायचं. म्हणजे ६ अंशाला १५ अंशाचे कपडे. अगदी सावकाश धावणार असाल तर ५-६ अंशच मिळवा, कारण शरीर तेवढं तापत नाही. दाराबाहेर पडल्यावर पहिली पाच-सात मिनिटं थोडं गार वाटायलाच हवं. तिथेच ऊबदार वाटलं तर एक कपडा जास्त झालाय.

अंगालगतचा थर सुती नको. सुती कापड घाम पिऊन बसतं आणि सोडत नाही. ओलं कापड अंगाला चिकटलं की पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगाची उष्णता ओढून नेतं. परतताना वारा सुटला की हुडहुडी भरते ती यामुळे. पॉलिस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओलावा शोषत नाही, घाम कापडावर पसरून उडून जातो. मेरिनो लोकरीची गंमत वेगळी: वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेऊनही ती अंगाला गार लागत नाही आणि वासही कमी धरते. पण ती सावकाश वाळते आणि लवकर झिजते, विशेषतः कमरेच्या किंवा पाठपिशवीच्या पट्ट्याखाली. रोजच्या १० किलोमीटरला १२० ते १५० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) पॉलिस्टर पुरतं.

आता तुमच्या हवेचं उत्तर: बिनजॅकेटचं, अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि सुट्या बाह्या, म्हणजे आर्म स्लीव्ह. सुरुवातीला पूर्ण वर, अंग तापलं की मनगटापर्यंत खाली गुंडाळलेल्या, ऊन आलं की काढून खिशात. लांब बाह्यांच्या शर्टाला हे तीन टप्पे जमत नाहीत. त्यावर वारा अडवणारी बंडी, म्हणजे विंड व्हेस्ट. पुढून वारा आत न येणारं कापड, पाठीला जाळी, वजन ६० ते १०० ग्रॅम, स्वतःच्याच खिशात घडी होणारी. पाठीला जाळी नसेल तर घेऊ नका, घाम तिथेच साठतो.

पातळ हातमोजे विसरू नका. थंडीत शरीर सर्वात आधी बोटांचं रक्त आखडतं, त्यामुळे हात झाकले की सगळ्या अंगाला बरं वाटतं आणि एक थर वाचतो.

आणि वाऱ्याची दिशा बघून निघा. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. उलट केलंत तर घामेजल्या अंगाने समोरचा वारा खावा लागतो, मग कितीही चांगले कपडे असोत.

भुरभुर:
बंडीबद्दल सहमत, पण पावसाचं वेगळं सांगायला हवं, कारण सर्वात जास्त चुकीची खरेदी तिथेच होते.

रेनकोटवर "१०,००० मिलिमीटर" असा आकडा असतो. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. घामाची वाफ किती बाहेर जाईल हे त्यातून कळत नाही. धावताना घाम एवढा येतो की उत्तमातलं उत्तम जलरोधक कापडही तो पुरता बाहेर टाकू शकत नाही. तासाभराची फेरी आणि १० अंशाच्या वर हवा असेल तर जलरोधक जॅकेट घालूच नका. पुढे छज्जा असलेली पातळ टोपी जास्त कामाची, डोळ्यांत पाणी जात नाही. दीड तासापेक्षा जास्त वेळ, ८ अंशाच्या खाली आणि वर वारा, तेव्हा मात्र जॅकेट हवंच, आणि ते शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेलं हवं. नाहीतर पाणी टाक्याच्या भोकांतून येतं.

"जॅकेट गळतं" ही तक्रार बहुतेक वेळा गळतीची नसते. वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप मळाने, तेलकटपणाने बसतो. मग थेंब घरंगळत नाहीत, कापड ओलं होतं, वाफ बाहेर जायची थांबते आणि आतला घामच पावसासारखा वाटतो. लेबलवर परवानगी असेल तर असं करा: तांत्रिक कापडासाठीच्या साबणाने धुवा, दोन वेळा खळबळा, मग कमी उष्णतेवर वीसेक मिनिटं ड्रायरमध्ये फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. त्यानंतरही थेंब गोल राहत नसतील तर लेपाचा नवा फवारा मारा.

चवडा_टाच:
फोडांचं मी सांगतो. फोड नुसत्या घासण्याने येत नाही. मोजा आणि बूट कातडीला धरून ठेवतात, आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. त्या ताणाने कातडीचे थर आतल्या आत सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. ओली कातडी मऊ पडते, जास्त चिकटते, म्हणून ओल्या मोज्यात फोड लवकर येतात.

तुमच्या बाबतीत टाचेला येतात, याचं एक कारण ऋतूबदल असू शकतं. हिवाळ्याचे जाड मोजे सोडून पातळ घातले की तोच बूट सैल होतो आणि टाच उचलली जाते. उपाय लेसमध्ये आहे. वरच्या टोकाला दोन छिद्रं जवळजवळ असतात, त्यातलं शेवटचं बहुतेक जण मोकळं सोडतात. लेस बाहेरून त्या शेवटच्या छिद्रात त्याच बाजूला आत घाला, छोटा फास तयार होईल. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवा, खाली आणि मागे ओढा, नंतर नेहमीची गाठ. टाच जागेवर बसते आणि चवड्यावरची लेस आवळावी लागत नाही. एवढं करूनही टाच हलत असेल तर बुटाचा आकारच चुकलाय.

मोजे कृत्रिम धाग्याचे किंवा मेरिनो मिश्रणाचे, उजवा-डावा वेगळा असलेले, अंगठ्यापाशी जाड शिवण नसलेले. मोज्याचा आकार अचूक हवा. अर्धा इंच जास्तीचं कापड चवड्याखाली वळकटी करतं आणि फोड नेमका तिथे येतो. बोटाबोटांत घासत असेल तर पाच बोटांचे मोजे.

जलरोधक बूट वसंतासाठी घेऊ नका. दवातून गवतावर धावायला ते बरे, पण खऱ्या पावसात पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि बुटातलं तेच जलरोधक अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. जाळीचा बूट ओला होतो तसा निचरतोही. घरी आल्यावर इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. हीटरपाशी किंवा कडक उन्हात ठेवू नका, गोंद सुटतो आणि फोम कडक होतो. दोन जोड आलटूनपालटून वापरता आले तर उत्तम. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळाचा फोम बसतो, वरून बूट नवा दिसला तरी.

मोकळीवाट:
सोलवटण्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बाम किंवा पेट्रोलियम जेली कपडे घालायच्या आधी, कोरड्या कातडीवर लावायची. घाम आल्यावर लावली तर टिकत नाही. काख, मांड्यांची आतली बाजू, कमरेला इलॅस्टिक बसतं ती रेघ, बायकांनी ब्राच्या खालच्या पट्ट्याची आणि पाठीवरच्या हुकाची जागा, पुरुषांनी स्तनाग्रं. स्तनाग्रांना लांब पल्ल्यात टेपच टिकते, आणि ती लावायच्या आधी तिथे जेली नको. पेट्रोलियम जेलीचे कपड्यावर डाग पडतात, कांडीच्या बामाचे कमी. दीड तासाच्या पुढे पुन्हा लावावं लागतं, कारण घाम वाळला की मिठाचे कण उरतात आणि ते बारीक पॉलिश पेपरसारखे घासतात.

मांड्या घासत असतील तर सैल शॉर्ट्सऐवजी अंगालगत बसणारी हाफ टाइट घ्या किंवा आत तसं अस्तर असलेली. आतल्या शिवणीची लांबी किमान ५ ते ७ इंच हवी. ३ इंचांची शॉर्ट्स वर चढते आणि नेमकी घासणारी जागा उघडी पडते. मानेमागचं लेबल कात्रीने कापू नका, टोचरं टोक उरतं. टाके उसवून पूर्ण काढा.

स्पोर्ट्स ब्राचा बहुतेक आधार छातीखालच्या पट्ट्याचा असतो, खांद्यावरच्या पट्ट्यांचा नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत आणि दोन्ही हात वर केल्यावर पट्टा वर सरकू नये. पट्टा सैल पडला की आपण खांद्याचे पट्टे आवळतो आणि मग मान-खांदे दुखतात. तशी ब्रा धावण्यातून निवृत्त करा.

धुताना कपडे उलटे करा, ३० अंशाचं पाणी, साबण कमी आणि फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम पसरेनासा होतो. पॉलिस्टरला जाता जात नाही असा वास लागला असेल तर चार भाग गार पाण्यात एक भाग पांढरा व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

रपेट_दहा:
लेसची युक्ती आज करून बघतो. दोन प्रश्न राहिले. फोन, किल्ली, पाणी आणि काढलेली बंडी कुठे ठेवायची, कमरेच्या पट्ट्यात की धावण्याच्या व्हेस्टमध्ये, म्हणजे अंगात घालायच्या खिसेवाल्या पिशवीत? आणि अंधारात निघून उन्हात परतायचं तर दिवा आणि गॉगल दोन्ही बाळगायचे का?

उजाडताना:
१० किलोमीटरला पट्टा पुरे. चेनवाला पाऊच नको, तो उडतो. सलग नळीसारखा ताणणारा पट्टा घ्या आणि कमरेच्या हाडांवर, थोडा खाली बसवा. किल्ली फोनच्या खिशात टाकू नका, काच चरते. १६-१८ ला धावण्याची व्हेस्ट, पुढे ५०० मिलिलिटरच्या दोन मऊ बाटल्या. त्या डुचमळतात त्या पाण्यामुळे नाही, आतल्या हवेमुळे. भरल्यावर बाटली उलटी धरून नळीतून हवा ओढून घ्या, आवाज बंद होतो.

दिवा: रस्त्यावर दिवे नसतील तर १५० ते २०० ल्युमेन. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या रेषेत असतो, त्यामुळे खड्ड्यांच्या सावल्या दिसत नाहीत आणि भुरभुर पावसात किंवा धुक्यात समोर पांढरा पडदा उभा राहतो. छातीवरचा किंवा कमरेचा दिवा खालून तिरका पडतो, खाचखळगे उठून दिसतात.

भडक पिवळा-हिरवा रंग अंधारात कामाचा नाही. तो अतिनील किरणांवर चमकतो, म्हणजे त्याला दिवसाचा उजेड लागतो. अंधारात परावर्तक पट्टीच हवी, आणि ती छातीपेक्षा घोट्यांना आणि गुडघ्यांना. हलणाऱ्या सांध्यांवर पट्टी असली की वाहन चालवणाऱ्याला "हा माणूस आहे" हे लांबूनच कळतं.

गॉगल एकच घ्या, उजेडाप्रमाणे गडद होणाऱ्या काचेचा. नाहीतर १८ ते ४३ टक्के उजेड आत सोडणाऱ्या, म्हणजे श्रेणी २ च्या काचा, पण त्या उजाडल्यावरच लावायच्या. यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, असं लिहिलेलं असावं आणि नाकावर रबर असावं. सनस्क्रीन कपाळावर पातळ लावलं की घामाबरोबर डोळ्यांत उतरतं, तिथे झिंक ऑक्साइडची कांडी वापरा.

मनगटी घड्याळ हृदयाचे ठोके चुकीचे दाखवत असेल तर ते मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवा आणि थोडं घट्ट करा. थंडीत मनगटाला रक्त कमी पोचतं, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांचे आकडे धरू नका. नेमके ठोके हवे असतील तर छातीचा पट्टा, इलेक्ट्रोड लावण्याआधी ओले करून.

शिवणटाका:
खरेदीचा क्रम विचाराल तर आधी मोजे, मग सुट्या बाह्या, मग बंडी. बाकीचं महिनाभर थांबू शकतं.

रपेट_दहा:
सुट्या बाह्यांचा आकार कसा ठरवायचा? टी-शर्टाच्या मापावर?

शिवणटाका:
नाही. काखेच्या खाली साधारण चार बोटांवर, दंड सैल सोडून घेर मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. दोन मापांच्या मध्ये आलात तर लहान माप घ्या, घाम आल्यावर कापड थोडं सैलावतं. वरच्या कडेला आतून सिलिकॉनची पट्टी आहे ना, ते बघा. आणि त्या जागी बाम लावू नका, बाही घसरेल.