मेट्रो स्टेशनजवळ एफएसआय ४ नको असेल, तर कमी घनतेचे पर्याय कोणत्या मापाने तोलायचे?

पौडरोड_सोसायटी

पुणे मेट्रोच्या वनाझ ते नळस्टॉप पट्ट्यातल्या काही जुन्या सोसायट्या मिळून निवेदन देणार आहेत. प्लॉट साधारण ६०० चौ.मी.चे, आतले रस्ते ९ मीटरचे. यूडीसीपीआरमधल्या (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) टीओडी नियमानुसार, म्हणजे स्टेशनजवळ दाट वस्ती करू देणाऱ्या नियमानुसार, स्टेशनपासून ५०० मीटरच्या वर्तुळात कमाल एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) ४ पर्यंत जातो. आमच्यापुढे तीन पर्याय आहेत:

(अ) आहे तसंच, ४ पर्यंत.
(ब) पायऱ्या: २०० मीटरपर्यंत ४, पुढे २.५.
(क) सरसकट २.५, पण लहान फ्लॅट सक्तीचे.

बिल्डर म्हणतात ४ शिवाय परवडत नाही. काही सभासद म्हणतात २ च्या वर नकोच, पाणी कुठून आणणार? दोन्हीकडे नुसते आकडे फेकले जातायत. तुलना नेमकी कशी करायची?

स्केलपट्टी

आधी दोन गोष्टी नीट करून घ्या. पहिली, ४ हा आकडा प्रत्येक प्लॉटला मिळत नाही. नियमातला तक्ता रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचं क्षेत्र दोन्ही बघतो. ९ मीटर रस्त्यावरच्या लहान प्लॉटची मर्यादा बरीच खाली येते. दुसरी, या एफएसआयवर निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी (वरचा जादा एफएसआय) मिळतो आणि तो टीओडीलाही लागू आहे. म्हणजे कागदावर ४ असले तर प्रत्यक्ष बांधकाम प्लॉटच्या ६.४ पट. तुमचे २.५ म्हणजे ४ पट. निवेदनात कोणता आकडा धरलाय ते स्पष्ट लिहा, नाहीतर सुनावणीत अर्धा वेळ तिथेच जाईल.

आता खरी मेख. बाजूचं आणि मागचं सामासिक अंतर (इमारत आणि प्लॉटची हद्द यांत सोडायची मोकळी जागा) उंचीच्या एक पंचमांश. २४ मीटरच्या वर गेलात की किमान ६ मीटर. २० × ३० मीटरचा प्लॉट घ्या, पुढे ४.५ मीटर सोडा:

- १५ मीटर (पार्किंग + ४): बाजूला ३ मीटर, मजला ३१५ चौ.मी., एकूण १२६०.
- २४ मीटर (पार्किंग + ७): बाजूला ४.८, मजला २१५, एकूण सुमारे १५०५.
- ३० मीटर (पार्किंग + ९): बाजूला ६, मजला १५६, एकूण १४०४.

दोन मजले वाढले आणि बांधकाम १०० चौ.मी.ने घटलं! शिवाय १५६ च्या मजल्यात दोन जिने, लिफ्ट, लॉबी, डक्ट यांतच ५० च्या आसपास जातात. ५० मीटरला तर इमारतीची रुंदी शून्य होते. थोडक्यात, सुट्या प्लॉटवर सात मजल्यांत मिळणारे १५०५ चौ.मी., म्हणजे मूळ (अ‍ॅन्सिलरी वगळून) एफएसआय १.५७ च्या आसपास, हेच कमाल. ४ वरून भांडण कशाला?

पौडरोड_सोसायटी

मग शेजारच्या प्लॉटवर अकरा मजल्यांचा प्रस्ताव कसा येतो?

स्केलपट्टी

सामासिक अंतरात सवलत मागून. अडचण दाखवायची, प्रीमियम (सवलतीचं शुल्क) भरायचा, ६ चे ४ करून घ्यायचे. आग लागली की त्याच चिंचोळ्या जागेतून बंब वळवायचा असतो. निवेदनात एफएसआयच्या आधी हे लिहा: टीओडी वापरणाऱ्या इमारतीला बाजूच्या अंतरात सवलत नको. (गावठाणातल्या दाट वस्तीचे नियम वेगळे आहेत, तिथे हा हिशेब लावू नका.)

आणि तीन सोसायट्या एकत्र येऊन बघा. ६० × ३० च्या प्लॉटवर २४ मीटरमध्येच मजला १०४३ चौ.मी. होतो, सात मजले ७३०० चौ.मी. म्हणजे मूळ एफएसआय २.५४. तुमचा (क) पर्याय बरोबर बसतो, तोही रिफ्यूजचा (आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मोकळा ठेवायचा) मजला न देता. तिघांच्या कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणारा दस्त) आणि सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेवरची क्षेत्रं आधी जुळवून घ्या. एकत्रीकरण बहुतेक तिथेच अडतं.

नळजोडणी

पाण्याबद्दल. एफएसआय कमी म्हणजे पाणी कमी, हे गणित चुकतं. वरच्याच १८०० चौ.मी.वर दोन प्रकार मांडा. ४५ मीटर, चौदा मजले, ९७०० चौ.मी., १५० चौ.मी. बांधकामाचे मोठे फ्लॅट: ६४ घरं. २४ मीटर, ७३०० चौ.मी., ७० चे फ्लॅट: १०४ घरं. घरटी ४ माणसं, दरडोई १३५ लिटर धरले तर पहिल्याला रोज सुमारे ३४,५०० लिटर, दुसऱ्याला ५६,०००. इमारत बुटकी, माणसं जास्त.

मेट्रोला हवीत ती माणसं, चौरस मीटर नव्हेत. मोठ्या फ्लॅटवाल्याच्या दोन गाड्या असतात. ६४ घरांच्या १२८ गाड्यांसाठी दोन तळघरं किंवा पोडियम (इमारतीखालचे पार्किंगचे मजले) लागतं आणि तो खर्च पुन्हा फ्लॅटच्या भावात. बुटक्या इमारतीच्या तळमजल्यावर गाडीमागे ३० चौ.मी. धरून ३५ बसतात, म्हणजे तीन घरांत एक. लहान फ्लॅट आणि कमी पार्किंग ही जोडी तोडू नका. फक्त एफएसआय २.५ मागितलात आणि फ्लॅटच्या आकाराची अट गळली, तर ७३०० चौ.मी.त ४८ आलिशान घरं होतील आणि स्टेशन ओस.

कंपास

(ब) बद्दल. ५०० मीटरचं वर्तुळ ७८.५ हेक्टर, २०० मीटरचं १२.६. म्हणजे ४ फक्त १६ टक्के क्षेत्राला, सरासरी २.७४. तुमचा (ब) जवळजवळ (क)च आहे, वाद वाटतो तेवढा मोठा नाही. ३०० मीटरवर पायरी ठेवली तर सरासरी ३.०४.

ब्रिटिश कोलंबियाने २०२३ मध्ये व्हँकुव्हरच्या स्कायट्रेन स्टेशनांसाठी अशाच पायऱ्या कायद्यात घातल्या: २०० मीटरपर्यंत ५, ४०० पर्यंत ४, ८०० पर्यंत ३. पण तिथे या आकड्यांपर्यंतची घनता महापालिकेने नाकारायची नाही असा अर्थ आहे, आपल्याकडे ती कमाल मर्यादा आहे. उदाहरण देताना ही गफलत करू नका, समोरचा लगेच पकडेल.

माझी भर: अंतर हवाई नको, चालण्याचं धरा. डेक्कनच्या स्टेशनचं वर्तुळ मुठेवरून पलीकडच्या पेठांत जातं, चालणाऱ्याला आधी पूल गाठावा लागतो. आणि पौड रोडवर स्टेशनं एकमेकांपासून किलोमीटरभरावर असल्याने वर्तुळं एकमेकांना चिकटतात. नावाला स्टेशन, प्रत्यक्षात सगळा रस्ताच टीओडी.

पौडरोड_सोसायटी

निवेदन महापालिकेलाच ना?

कंपास

प्रत द्या, पण यूडीसीपीआर बदलण्याचा अधिकार राज्य सरकारचा, एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम ३७(१अअ) खाली. फेरबदलाची सूचना निघाली की तिच्यात हरकतींची मुदत आणि सुनावणी घेणारा अधिकारी दिलेला असतो. त्याच्याकडे मुदतीत गेलं तरच हरकत नोंदली जाते. स्केलपट्टींची तीन चित्रं (१५, २४, ३० मीटर) १:२०० ला काढून एका ए-३ कागदावर जोडा, मापं घातलेली.

नळजोडणी

आणि त्याच कागदावर प्रत्येक चित्राखाली घरांची संख्या, गाड्या आणि रोजचं पाणी.